सरवा

(हंगामाच्या उपकारस्तुती-उपासनेत दिलेला संदेश)

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१४-२२, रूथ, अध्याय १ ते ४





आज उपासनेसाठी येताना तुम्ही आपापल्या वावरातले काही ना काही घेऊन आला आहात. कोणी कापसाची बोंडे आणली, कोणी ज्वारीची कणसे, कोणी सोयाबीन, तर वरुड-मोर्शीकडच्या भावंडांनी संत्री आणली. ज्यांना शेती नाही त्यांनी पाकिटात आपला वाटा आणला. आणि काही जण रिकाम्या हातांनी आले आहेत, कारण या वर्षी आणण्यासारखे काही पिकलेच नाही. त्यांचेही आज तितकेच स्वागत आहे. आजचे वचन विशेषेकरून त्यांच्यासाठी आहे.

आपल्या मराठी शास्त्रात रूथच्या पुस्तकात एक जुना शब्द येतो : सरवा. आजच्या शाळकरी मुलांना तो ठाऊक नसेल, पण इथे बसलेल्या आजीबाईंना नक्की ठाऊक आहे. कापणी झाली, पेंढ्या बांधून झाल्या, की वावरात जी कणसे, जे दाणे मागे पडून राहतात तो सरवा. ज्याच्या घरी वावर नाही, ती बाई टोपली घेऊन येते आणि वाकून वाकून तो वेचते. रूथचे पुस्तक जेमतेम चार अध्यायांचे आहे, आणि ते या सरव्यावर उभे आहे. आज आपण त्यातून दोन गोष्टी शोधणार आहोत. ज्याचे हात रिकामे आहेत त्याला आशा कोठून येते? आणि ज्याच्या हाती थोडे आहे त्याने कसे वागावे?

कोपरा कोणाचा?

आधी नियमशास्त्र पाहू. लेवीयच्या १९व्या अध्यायात देव इस्राएलांना सांगतो की, पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत, अगदी कोपऱ्यापर्यंत कापू नका. खाली पडलेले पुन्हा गोळा करू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. अनुवादाच्या २४व्या अध्यायात हीच आज्ञा आणखी पुढे जाते. एखादी पेंढी वावरात विसरली तर ती आणायला परत फिरायचे नाही. जैतुनाची झाडे एकदा झोडपल्यावर पुन्हा झोडपायची नाहीत. द्राक्षमळ्यात दुसऱ्यांदा फिरायचे नाही. जे राहिले ते परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे.

बंधूंनो, या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली. कोपरा कापणीच्या आधी ठरतो. सगळे घरात आणून, हिशेब करून, उरले तर देऊ, असे देव म्हणत नाही. विळा हातात घेतानाच ठरलेले असते की धुऱ्याजवळचा हा पट्टा माझा नाही. पौलही करिंथच्या मंडळीला हेच शिकवतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२). महिन्याच्या शेवटी खिशात उरलेले दान आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळे काढलेले दान, यांत हाच फरक आहे.

दुसरी. देव असे म्हणत नाही की तुम्ही कापा, पोत्यात भरा आणि गरिबाला बोलावून ओंजळभर द्या. तो म्हणतो, राहू द्या. गरीब स्वतः येईल, स्वतः वेचेल, स्वतःच्या टोपलीत घेऊन जाईल. त्याला कोणाच्या ओसरीवर हात पसरून उभे राहावे लागणार नाही. त्याच्या कष्टाला जागा आहे आणि त्याच्या मानाला धक्का नाही. ज्या संस्था आणि मंडळ्या गरिबांमध्ये काम करतात त्यांनी ही ओळ मनावर कोरून ठेवावी. आपण दिलेल्या मदतीने माणसाची मान वर होते की खाली जाते, हे प्रत्येक वेळी तपासावे.

तिसरी. या आज्ञेमागचे कारण. अनुवाद २४च्या शेवटी देव सांगतो की, तुम्ही मिसर देशात दास होता याची आठवण ठेवा, म्हणून मी हे सांगत आहे. आपल्यालाही अशी आठवण आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी हा प्रांत होरपळला. दुसऱ्याला आपले म्हातारे छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. त्या काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोला आणि खामगाव येथे अनाथ मुलामुलींना आसरा दिला. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरून उपाशी मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात अशाच एखाद्या लेकराने झाली, ज्याच्या पोटात तेव्हा दाणा नव्हता. म्हणजे आपण स्वतः सरव्यावर वाढलेले लोक आहोत. दुसऱ्याच्या शेतात कोणीतरी आपल्यासाठी कोपरा राखला होता.

रिकामी आलेली नामी

आता रूथच्या पुस्तकाकडे येऊ. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. पण गोष्टीच्या सुरुवातीलाच त्या भाकरीच्या घरात दुष्काळ आहे. अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन मवाब देशात जातो. तिथे तो मरतो. मुलांची लग्ने होतात आणि पुढे मुलगेही मरतात. तीन विधवा उरतात. गावाकडे पाऊसपाणी झाल्याचे कळते आणि नामी परत निघते. एक सून, अर्पा, माहेरी फिरते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही.

बेथलेहेमात पोचल्यावर बाया जमतात आणि विचारतात, ही नामीच ना? तेव्हा ती जे बोलते ते ऐकून काळीज हलते. ती म्हणते की मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणले.

नामी देवावर रागावली आहे आणि ते ती चारचौघांत बोलून दाखवते. आणि संपूर्ण पुस्तकात एकही माणूस तिला गप्प करत नाही. कोणी म्हणत नाही की असे बोलणे विश्वासात बसत नाही. देवही तिला दटावत नाही. रूथ तर तिच्याशी वादही घालत नाही. दुसऱ्या अध्यायात ती एवढेच म्हणते की मला शेतात सरवा वेचायला जाऊ द्या. संध्याकाळी ती धान्य घेऊन येते आणि दुपारी स्वतःच्या जेवणातून राखून ठेवलेला घासही सासूपुढे ठेवते. नामीच्या कडवटपणाला पहिले उत्तर मिळाले ते भाकरीचे. प्रवचन कोणी दिले नाही.

पहिला अध्याय ज्या वाक्याने संपतो ते सहज वाचून पुढे जाण्यासारखे आहे : त्या दोघी आल्या तेव्हा जवाच्या कापणीला नुकताच आरंभ झाला होता. नामीला वाटत होते की आपण रिकाम्या आलो. पण ती ज्या वाटेने आली त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पीक उभे होते. तिला ते अजून दिसले नव्हते, इतकेच. प्रियांनो, ख्रिस्ती आशा म्हणजे दुःख नसल्याचे सोंग नव्हे. आपल्याला दिसण्याआधीच देवाने कोणाच्या तरी वावरात आपल्यासाठी काही राखून ठेवले असेल, हा भरवसा म्हणजे आशा.

आणि एक विशेष गोष्ट. या पुस्तकात देव कोणाशी प्रत्यक्ष बोलत नाही. देवदूत येत नाही, समुद्र दुभंगत नाही. देवाने काही केले असा उल्लेख दोनच ठिकाणी आहे : पहिल्या अध्यायात त्याने आपल्या लोकांना अन्न दिले, आणि चौथ्या अध्यायात त्याने रूथला मूल दिले. या दोहोंच्या मध्ये जे घडते ते सगळे माणसांच्या वागण्यातून घडते. एक सून कामाला जाते. एक शेतकरी नीट वागतो. शेजारणी सोबत करतात. देवाची कृपा त्या गावात याच वाटांनी चालत आली.

बवाज कसा वागला?

तो शेतकरी म्हणजे बवाज. त्याने काय केले ते क्रमाने पाहा. इथे बसलेल्या ज्यांच्या वावरात मजूर राबतात त्यांच्यासाठी हा धडा आहे.

तो वावरात आला आणि आधी मजुरांना नमस्कार केला. परमेश्वर तुमच्याबरोबर असो, अशा अर्थाचे शब्द तो बोलला आणि मजुरांनीही त्याला आशीर्वाद दिला. कामावर आल्याआल्या खेकसणारा मालक हा नव्हे.

मग त्याने चौकशी केली की ही तरुणी कोण. वावरात वाकलेल्या बाईचे त्याला नाव-गाव जाणून घ्यायचे होते.

तिसरे, त्याने गड्यांना ताकीद दिली की हिला कोणी हात लावायचा नाही, हिला कोणी टाकून बोलायचे नाही. परगावची, परक्या जातीची, एकटी बाई. तिला काय धोका असतो हे त्याला कळत होते आणि तो त्याने आधीच ओळखला.

चौथे, पाणी. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पी, असे त्याने सांगितले. आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, तिथे मजुराला गोड पाणी पाजणे ही किती मोठी गोष्ट आहे हे तुम्हांला मी सांगायला नको.

पाचवे, जेवण. दुपारी त्याने तिला आपल्या पंगतीत बसवले. स्वतःच्या हाताने हुरडा-लाह्यांसारखे भाजलेले धान्य वाढले. ती पोटभर जेवली आणि उरलेही.

आणि सहावे, त्याने गड्यांना गुपचूप सांगितले की पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम खाली पडू द्या आणि ती वेचू लागली तर तिला रागावू नका. नियमशास्त्राने सांगितले होते तेवढे तर त्याने दिलेच. त्याच्या पलीकडेही दिले, आणि तिला उपकाराचे ओझे वाटू नये अशा रीतीने दिले. संध्याकाळी रूथने झोडून पाहिले तर एफाभर जव निघाले. दोघींना कित्येक दिवस पुरेल इतके.

यात कोठेही अट नाही. माझ्या देवाला मान, मग सरवा वेच, असे बवाज म्हणाला नाही. रूथने विश्वास आधीच धरला होता, तोही नामीच्या प्रेमापोटी. आपल्या सेवेबद्दल हे स्पष्ट असू द्या. भाकरी भाकरीसाठी द्यायची. कोणी आपल्या आशेचे कारण विचारले तर पेत्राने सांगितल्याप्रमाणे सौम्यतेने आणि आदराने सांगायचे (१ पेत्र ३:१५). पण भुकेल्यापुढे अट ठेवायची नाही.

मेळघाटातून उतरणारी रूथ

आता आपल्या वऱ्हाडात रूथ कोण आहे ते पाहू. फार लांब जावे लागणार नाही.

दिवाळी सरली की धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या पाड्यांवरून कोरकू कुटुंबे गाविलगडाचे डोंगर उतरून खाली येतात. परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, अकोट, तेल्हारा अशा पट्ट्यात कापूस वेचायला, सोयाबीन काढायला, पुढे हरभरा सोंगायला. भांडीकुंडी, कोंबडी, तान्हे लेकरू, सगळे बरोबर. होळी हा त्यांचा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. होळीला मात्र ते घरी परततात. मधले महिने वावराच्या कडेला ताडपत्रीच्या पालात जातात.

त्यांची भाषा वेगळी आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग. अचलपूरला, ज्याला तेव्हा एलिचपूर म्हणत, कोरकूंमध्ये सेवा करणाऱ्या मिशनमधले जॉन ड्रेक यांनी १९०३ साली या भाषेचे व्याकरण छापले. त्यांनी आधी ऐकून घेतले, शिकून घेतले, मग बोलले. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांची जी सेवा उभी राहिली तीही याच वाटेवरची. बाहेरून आलेल्या माणसाने रुग्णाच्या जखमेला हात लावला आणि भाषा नंतर आली.

आता मजूर बाई आपल्या वावरात येते तेव्हा तिला मराठीत जेमतेम चार वाक्ये येतात. हिशेब मुकादम करतो. कापसाची वेचणी किलोवर असते. काटा मालकाचा, आकडा मालकाचा. उचल घेतलेली असते, ती किती फिटली हे तिला ठाऊक नसते. बरोबरच्या मुलाची शाळा गावी राहिली. तान्ह्या बाळाची लस आणि वजन गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहिले. मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि हळहळतो. पण तीच आई, तेच लेकरू हिवाळ्यात आपल्या धुऱ्यावर असते. मेळघाट तेव्हा आपल्या दारी आलेला असतो.

याकोब आपल्या पत्रात म्हणतो की ज्यांनी शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे (याकोब ५:४). आणि अनुवाद २४ सांगते की गरजू मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी, मग तो आपल्यातला असो की परका. कारण त्याचे सगळे चित्त त्या पैशात गुंतलेले असते. आपण जिनिंगमधून चुकारा उशिरा मिळाला तर किती तळमळतो! त्या तळमळीवरून मजुराची तळमळ ओळखा.

म्हणून या हंगामासाठी काही साध्या गोष्टी सांगतो. यांतली एकही अशी नाही की जी करायला श्रीमंती लागते.

काटा तिच्यासमोर करा आणि आकडा तिच्या वहीत तिच्यासमोर लिहा. तिच्या मुलाला वाचता येत असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या.

मजुरी ठरल्या दिवशी द्या, आणि बाईची मजुरी बाईच्या हातात द्या.

पिण्याचे पाणी, सावली आणि शौचाला आडोसा असू द्या. पालाजवळ फवारणीची औषधे आणि रिकामे डबे ठेवू नका; त्या डब्यांत कोणी पाणी भरून ठेवते आणि लेकरे ते पितात.

गावच्या अंगणवाडीत आणि आशाताईंना जाऊन सांगा की आमच्या वावरात अमुक इतकी लेकरे आणि एक गरोदर बाई आली आहे. शाळेत गुरुजींना सांगा. कुटुंबाला रेशन कार्ड असेल तर देशात कोठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलण्याची सोय आता आहे. दुकानापर्यंत त्यांच्याबरोबर एकदा चालत जा. लेकरू सुस्त पडले, दूध ओढेना, श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करा.

आणि नाताळच्या रात्री तुमच्या घरी गोडधोड होईल तेव्हा धुऱ्यावरच्या पालात एक ताट जाऊ द्या. बवाजाने पंगतीत बसवले होते. आपण निदान ताट तरी पाठवू, आणि जमले तर बसवूही.

पण माझ्याच घरात काही नसेल तर?

आता तुमच्यातला कोणीतरी मनात म्हणत असेल, पाळकसाहेब, कोपरा राखायला आधी पीक तर हवे. सोयाबीन पाण्यात गेले, कापसाला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले, सावकार दारात येतो. आम्हीच रूथ झालो आहोत, बवाज कसले?

हा प्रश्न खरा आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांनी दोन दशकांहून अधिक काळ शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग इथे आले, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, पुढे कर्जमाफ्याही झाल्या. तरी अंत्ययात्रा थांबल्या नाहीत. मंडळीतली घरेही यातून सुटलेली नाहीत.

अशा वेळी पवित्र शास्त्र आपल्याशी खोटे बोलत नाही. हबक्कूक संदेष्टा तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी यादीच देतो : अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. आपल्या भाषेत, पऱ्हाटीला बोंड नाही, तुरीला शेंग नाही, गोठा रिकामा. तो एकही तोटा लपवत नाही. आणि ती सगळी यादी वाचून झाल्यावर म्हणतो की तरीही मी माझ्या तारणाऱ्या देवाच्या ठायी आनंद करीन. हा 'तरीही' यादीच्या नंतर येतो. म्हणून आधी यादी बोला. बायकोला सांगा, भावाला सांगा, मंडळीच्या वडिलांना सांगा. कर्जाचा कागद ट्रंकेत दडवू नका. दडवलेला कागदच माणसाला एकटा पाडतो.

आणि ज्याने जगण्याची आशाच सोडली आहे त्याच्याशी कसे वागावे, हे १ राजे १९मध्ये आहे. एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. इतका मोठा संदेष्टा! देवाने त्याला काय केले? आधी झोपू दिले. मग उठवून तापलेल्या निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचे भांडे दिले. पुन्हा झोपू दिले. पुन्हा खायला दिले, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे हे कबूल केले. त्याच्याशी बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर झाले. तेही मंद वाणीने.

मंडळीने हाच क्रम धरावा. शेजारी खचलेला दिसला, जेवेना, झोपेना, सारखा निरवानिरवीचे बोलू लागला, तर पहिल्याच भेटीत वचनांचा मारा करू नका. जवळ बसा. जेवण घेऊन जा. रात्री त्याला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा किंवा काही दिवस दुसऱ्याच्या घरी हलवा. आत्महत्येचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. आणि डॉक्टरांच्या गोळ्या घेणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण नव्हे. एलीयाला देवाने भाकर दिली; भाकर हे त्या वेळचे औषधच होते.

राहिला दानाचा प्रश्न. ज्याच्याकडे नाही त्याने उसने काढून दान द्यावे, असे कोणी तुम्हांला सांगत असेल तर ते शास्त्राचे शिक्षण नाही. पौल २ करिंथच्या आठव्या अध्यायात मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांच्या उदारपणाची साक्ष देतो, पण लगेच सांगतो की दान आपल्याजवळ असेल त्या मानाने मान्य होते, नसेल त्या मानाने नाही. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हांला ओझे व्हावे असा त्याचा हेतू नाही. आज तुमच्या भरपुरीतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या भरपुरीतून तुमची. म्हणून ज्याचे या वर्षी बुडाले त्याने मंडळीकडून मोकळ्या मनाने घ्यावे. घेणे हीही नम्रता आहे. रूथने वाकून वेचले, तेव्हा ती कोठेही लहान झाली नाही.

ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्याकडेही कोपरा असतो. निवृत्त शिक्षकाचा कोपरा म्हणजे पालावरच्या मुलांना रोज तासभर शिकवणे. कॉलेजच्या मुलाचा कोपरा म्हणजे कोणाचा ऑनलाइन अर्ज भरून देणे. नर्सबाईंचा कोपरा म्हणजे रविवारी उपासनेनंतर धुऱ्यावर एक फेरी. घरी बसलेल्या आजीचा कोपरा म्हणजे नावे घेऊन प्रार्थना, आणि एखाद्या थकलेल्या आईचे लेकरू घटकाभर मांडीवर घेणे.

वेशीवर बसलेले दहा वडील

शेवटची गोष्ट. रूथच्या पुस्तकात सरव्याने पोट भरले, पण प्रश्न सुटला नाही. कापणी संपल्यावर काय? म्हणून चौथ्या अध्यायात बवाज वेशीवर जाऊन बसतो. गावच्या दहा वडिलांना बोलावतो. नामीच्या जमिनीचा प्रश्न सगळ्यांदेखत मांडतो. जवळचा एक आप्त आधी हो म्हणतो आणि मग आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून मागे सरतो. बवाज मात्र सोडवण्याचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही पत्करतो आणि साक्षीदारांसमोर व्यवहार पक्का करतो.

म्हणजे प्रीतीला भाकरीपाशी थांबता येत नाही, तिला वेशीपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलपर्यंत जावे लागते. आदिवासी कुटुंबाचा जातीचा दाखला, आधारमधली चुकलेली जन्मतारीख, बँकेचे खाते, २००६च्या वनहक्क कायद्याखालचा दावा, ही सगळी वेशीवरची कामे आहेत. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड माळावर पुन्हा झाडे उभी केली आणि सीताफळे विकून गावातच कमाई उभी केली. ज्या गावात अशी कमाई उभी राहते तिथल्या आईला तान्हे लेकरू घेऊन डोंगर उतरावा लागत नाही. आपल्या वर्गणीतला एक भाग पोटासाठी जावा आणि एक भाग अशा कागदांसाठी, शिक्षणासाठी, हक्कांसाठी जावा, तो याच कारणाने.

आणि या सगळ्याचे फळ काय झाले? रूथला मुलगा झाला, त्याचे नाव ओबेद. नामीने तो आपल्या मांडीवर घेतला, त्याच नामीने, जी म्हणाली होती की मला कडू म्हणा. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद. आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूची वंशावळ वाचाल तर तिथे बवाजाबरोबर रूथचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. परदेशी मजूर बाईचे नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत! काही आठवड्यांनी आपण नाताळ साजरा करू. ज्या बेथलेहेमाची गाणी आपण गाऊ, त्या गावच्या वावरात एकदा एका शेतकऱ्याने धुऱ्यालगतचा कोपरा कापायचा सोडला होता, हे तेव्हा ध्यानात असू द्या. त्याला कोठे ठाऊक होते की त्या कोपऱ्यातून पुढे काय उगवणार आहे? आपल्यालाही ठाऊक नाही. आपण कोपरा राखायचा.

प्रार्थना करू या.

हे दयाळू देवबापा, या वर्षी जे पिकले त्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो, आणि जे पिकले नाही तेही तुझ्यापुढे आणतो. ज्यांचे हात रिकामे आहेत त्यांना आज एकटे राहू देऊ नकोस. ज्यांच्या हाती काही आहे त्यांना कोपरा राखण्याची बुद्धी दे. मजुराची मजुरी आमच्या घरात रात्रभर राहू नये. धुऱ्यावरची लेकरे या हिवाळ्यात सुखरूप राहोत आणि होळीला हसतखेळत आपल्या डोंगरावर परतोत. आमच्यासाठी स्वतः रिक्त झालेल्या प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.